आईच्या नावाचा शिक्का

आईचं नाव रजिस्टरमधून कमी करायला मी परिचारिकांच्या कौन्सिलमध्ये गेले, तेव्हा तिला जाऊन पाच आठवडे झाले होते. बँक, पेन्शन, फोन ही कामं आधी उरकली होती. हे मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. एक्केचाळीस वर्षं ती त्या नंबरावर नर्स होती. माझा वाढदिवस ती दोनदा विसरली, पण तो सहा आकडी नंबर तिने झोपेतसुद्धा सांगितला असता.

खिडकीतल्या बाईंनी मृत्यूचा दाखला पाहिला, नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि दाखला पुन्हा हातात घेतला.

"कधी गेल्या म्हणालात?"

मी तारीख सांगितली.

"यांची नोंदणी चालू आहे."

"तीच बंद करायला आलेय."

"तसं नाही हो. नूतनीकरण झालंय. या महिन्याच्या चार तारखेला." त्यांनी स्क्रीन थोडा माझ्याकडे वळवला. "प्रशिक्षणाचे तासही भरलेत. चेहऱ्यावरची सौंदर्य इंजेक्शनं, सुरक्षितता आणि कायदा. ऑनलाइन परीक्षा दिलीय. शंभरपैकी पंच्याण्णव."

चार तारखेला आईला जाऊन सतरा दिवस झाले होते.

"पंच्याण्णव तिचे नसणार," मी म्हणाले. मला दुसरं काही सुचलंच नाही. "शेवटच्या पानावरचे प्रश्न ती वाचायचीच नाही."

बाई हसल्या नाहीत. "पासवर्ड कुणाकडे होता?"

ते मला माहीत नव्हतं. पण कुणाला माहीत असेल ते विचारायला फार लांब जायची गरज नव्हती. बाईंनी एक निळा फॉर्म काढून दिला. "नाव कमी करायचा अर्ज आज राहू दे. आधी हे कुणी केलं ते बघा. तक्रार करायची असेल तर हा फॉर्म."

हॉस्पिटलमधून निवृत्त झाल्यावर आई सहा महिने घरी बसली आणि तिने सगळ्यांना भंडावून सोडलं. मग घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या एका त्वचा आणि सौंदर्य क्लिनिकमध्ये रुजू झाली. सुरकुत्यांची इंजेक्शनं, ओठ भरणं, असली कामं. मला ते आवडलं नव्हतं आणि मी ते बोलून दाखवलं होतं. त्यावर तिने माझ्यासमोर बसून मला नियम ऐकवले होते, जणू मीच तिची परीक्षा घेणार होते. डॉक्टरने माणूस समोर बसवून बघायचा, काय, कुठे, किती ते लिहून द्यायचं. मग ज्या नर्सची नोंदणी चालू आहे आणि जिने या कामाचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय, तिनेच ते टोचायचं. नर्सने ते पुढे कुणाकडे सोपवायचं नाही. ब्यूटिशियनने भुवया कोराव्यात, चेहरा चोळावा, सुईला हात लावायचा नाही. "आणि जो देतो त्याने सही करायची," आई म्हणाली होती. "दुसऱ्याने दिलेल्यावर सही केली की ती नर्स संपली."

तेव्हा मला हे सगळं जरा जास्तच वाटलं होतं. सुरकुत्यांसाठी एवढा कायदा.

दुसऱ्या दिवशी मी क्लिनिकमध्ये गेले. कारण तयार होतं: आईच्या कप्प्यातल्या वस्तू न्यायच्या होत्या. दाराशी कुणी नव्हतं. बसायच्या खोलीत भिंतीवर आईचं नोंदणीपत्र फ्रेममध्ये होतं, वर तिचा दहाएक वर्षांपूर्वीचा फोटो. ते अजून का लावलेलं आहे, असा प्रश्न मला कौन्सिलमध्ये जाण्याआधी पडला नसता.

खुर्चीवर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. डोक्यावर स्कार्फ, हातात पर्स घट्ट धरलेली. त्यांच्या डाव्या डोळ्याची पापणी अर्धी खाली आली होती, त्यामुळे त्या एका डोळ्याने माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत असं वाटत होतं.

"पहिलीच वेळ का?" त्यांनी विचारलं. "घाबरू नका. इथल्या सिस्टरचा हात फार हलका आहे. कळतसुद्धा नाही."

"कोणत्या सिस्टर?"

"एकच तर आहे. कुरळ्या केसांची." त्या पर्समध्ये शोधू लागल्या. "हा डोळा जरा जड झालाय. म्हणून दाखवायला आले. डॉक्टर म्हणे गुरुवारीच येतात."

"मागच्या वेळी डॉक्टरांनी तपासलं होतं ना?"

"मी त्यांना कधी पाहिलेलंच नाही हो. त्यांची सही असते की कागदावर." त्यांनी पिवळा कागद माझ्या हातात दिला. "सगळं यात लिहिलंय."

कागदावर छापील चेहरा होता. कपाळावर आणि भुवयांमध्ये पेनाने टिंबं काढलेली, प्रत्येक टिंबाशेजारी नंबर, कुठलं आधी आणि कुठलं नंतर टोचलं ते कळावं म्हणून. खाली डॉक्टरची सही आणि तिच्या बाजूला आईच्या नावाचा शिक्का. नाव, पात्रता, नंबर. तारीख आठ दिवसांपूर्वीची.

"नंतर काय काळजी घ्यायची ते वाचायचंय," मी खोटं बोलले. "फोटो काढू?"

"काढा की. पण माझं वय झाका."

मी वय झाकून फोटो काढला.

आतलं दार उघडलं. पांढरा कोट घातलेली ब्यूटिशियन त्या बाईंना बोलवायला आली. तिशीची असेल, केस कुरळे. आई तिच्याबद्दल घरी बोलायची. "आमची पोरगी" म्हणायची, आणि मला ते कानाला खुपायचं. आई गेल्यावर घरी भेटायला क्लिनिकच्या मालकीण मॅडम आल्या होत्या, ही आली नव्हती. मी तेव्हाच ते मनात टिपून ठेवलं होतं.

तिने मला पाहिलं आणि दाराला धरून उभी राहिली. "ताई, तुम्ही?"

"आईचा कप्पा रिकामा करायचा होता."

तिच्या खांद्यावरून आतली खोली दिसत होती. लांब खुर्ची, वर दिवा आणि इंजेक्शनांची ट्रॉली खुर्चीच्या उजव्या बाजूला. आई डावखुरी होती. आयुष्यभर हॉस्पिटलात उजव्या हाताच्या लोकांनी मांडलेल्या ट्रेवर काम केल्यावर इथे मॅडमनी तिच्यासाठी ट्रॉली डावीकडे हलवली, याचं तिला केवढं कौतुक होतं.

ब्यूटिशियनने एक कापडी पिशवी आणून दिली. त्यात चपला, चष्मा, कंगवा आणि अर्धी संपलेली हाताची क्रीम होती.

"आणि शिक्का?"

"तो..." तिने मागे पाहिलं. "तो मॅडमकडे असेल."

तेवढ्यात मॅडम बाहेर आल्याच. क्लिनिक त्यांचं. कपडे इस्त्रीचे, आवाजही इस्त्रीचा. माझे दोन्ही हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "तुमच्या आई म्हणजे आमचा आधार होत्या हो."

"आईचा शिक्का मिळाला नाही."

"शिक्का? तो हरवला बहुतेक. त्या आजारी होत्या तेव्हाच." त्यांनी ब्यूटिशियनकडे पाहिलंसुद्धा नाही. "नवीन करून देऊ का आठवण म्हणून?"

आठवण म्हणून शिक्का करून देणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि माझा संशय त्या पांढऱ्या कोटावर पक्का बसला. परीक्षा तिनेच दिली असणार. सुईही तिच्याच हातात. माझ्या आईच्या नावाखाली लपून.

घरी मावशी होती. आई गेल्यापासून ती माझ्याकडे राहायला आली होती, मला सोबत म्हणून. खरं तर तिलाच घरी बसवत नव्हतं. मी आल्याआल्या आईचं कपाट उघडलं तसं तिने विचारलं, "काय शोधतेस पोलिसांसारखी?"

"सह्या."

क्लिनिकचा तो कागद तीन प्रतींत असतो. पांढरी प्रत फाइलला, पिवळी त्या माणसाला आणि गुलाबी नर्सला. नूतनीकरणाच्या वेळी कौन्सिलने मागितलं तर काम दाखवता यावं म्हणून. आईने चार वर्षांच्या गुलाबी प्रती खोक्यात कोंबून ठेवल्या होत्या. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. कागद दिसले की तारखेप्रमाणे लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. जमिनीवर बसून मी ते लावत गेले. पिवळ्या कागदावर नुसता शिक्का होता, तेव्हा आईची खरी सही कुठल्या तारखेपर्यंत मिळते ते बघायचं, एवढाच बेत होता.

सह्या सगळ्या आईच्याच निघाल्या. नंबर मात्र तसे निघाले नाहीत.

डावखुरी असल्यामुळे आई खुर्चीच्या डाव्या अंगाला उभी राहून समोरच्याच्या डाव्या भुवईपासून सुरुवात करायची. सव्वातीन वर्षांच्या कागदांवर एक नंबरचं टिंब त्याच बाजूला होतं. एकही अपवाद नाही. मग एका तारखेपासून एक नंबर दुसऱ्या भुवईवर गेला आणि तिथेच राहिला. फोनमधल्या पिवळ्या कागदावरही तो तिथेच होता. ती तारीख आई जायच्या आठ महिने आधीची होती.

मी कागद पुन्हा लावले. मग तिसऱ्यांदा लावले. त्या आठ महिन्यांतल्या एकशे बारा चेहऱ्यांवर सुई उजव्या हाताच्या माणसाने चालवली होती, आणि खाली आईने सही केली होती. सहीचा शेवटचा फाटा दर महिन्याला थोडा थोडा हलत गेला होता.

"मावशी, आईच्या हाताला काही झालं होतं का?"

मावशी भांडी पुसत होती. तिने हातातलं पातेलं ठेवलं नाही. "तुला नाही दिसलं?"

"काय?"

"चहा अर्धा कप का द्यायची ती? तुला वाटलं दूध संपलंय?"

मला खरंच तसंच वाटलं होतं. मी एकदा दुधाच्या दोन पिशव्या जास्त आणून ठेवल्या होत्या.

"डावा हात कापायचा," मावशी म्हणाली. "सकाळी कमी, दुपारी जास्त. मला म्हणाली, पोरीला सांगू नकोस, ती पुस्तकं काढून वाचत बसेल आणि मला त्यातलं एकेक ऐकवेल."

"मग तिने काम का नाही सोडलं?"

"आणि करायचं काय? तुझी वाट बघत बसायचं?"

मावशीने पातेलं फळीवर ठेवलं, सरळ ठेवलं, मग उपडं केलं. "ते कागद जाळून टाक. मेलेल्या माणसाला उभं करून उलटतपासणी घेऊ नये."

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्यूटिशियन ग्रंथालयात आली. मी नोंदवही लिहीत होते. ती टेबलासमोर उभी राहिली, आणि बस म्हटल्यावरच बसली.

"आज कौन्सिलमधून क्लिनिकला फोन आला होता, नूतनीकरण कुणी केलं ते विचारायला. मीच केलं," ती म्हणाली. "मॅडमनी करायला सांगितलं. भिंतीवर नर्स नसली तर क्लिनिकचा परवाना जातो. परीक्षा मागच्या वेळीही मीच दिली होती. सिस्टर म्हणायच्या, मला ते स्क्रीनवर टिकमार्क करणं जमत नाही, तू कर, तुझाही अभ्यास होईल."

"आणि इंजेक्शनं?"

तिने आपल्या उजव्या मनगटाकडे पाहिलं. "आधी त्या माझं मनगट धरून उभ्या राहायच्या. दोन महिने. मग नुसत्या शेजारी उभ्या राहायच्या. कुठे रक्तवाहिनी आहे, किती खोल जायचं, कुठे अजिबात जायचं नाही, सगळं त्यांनी शिकवलं. मला म्हणाल्या, तू नर्सिंगला प्रवेश घे, मी फॉर्म आणून देते. दिलाही होता."

"तू नर्स नाहीस."

"नाही."

"आणि तिला माहीत होतं."

"हो."

"ती गेल्यावर शेजारी कोण उभं राहायचं?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "त्या बाईंची पापणी उतरली ना, तो कपाळावरचा शेवटचा डोस. मी जरा खाली दिला. सिस्टर असत्या तर माझा हात धरला असता. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उतरते पापणी, होते बरी. अजून त्या बाईंना त्यांनी पाहिलेलंही नाही."

"डॉक्टर आधी कुणाला बघतात का?"

"गुरुवारी येतात आणि आठवड्याच्या कोऱ्या कागदांवर सह्या करून जातात."

मी तिला विचारलं, आई गेल्यावर घरी का नाही आलीस. मला तोच प्रश्न सगळ्यांत आधी विचारायचा होता.

"मला कळत नव्हतं मी कोण म्हणून यायचं," ती म्हणाली.

मला तिचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण तो कुठे ठेवायचा ते कळेना. कालपर्यंत जागा ठरलेली होती.

ती गेल्यावर तासाभरात मॅडमचा फोन आला.

"ती मुलगी तुमच्याकडे आली होती म्हणे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कौन्सिलमध्ये गेलात तेही कळलं मला. योग्यच केलंत. मी पण हादरूनच गेलेय हो. तुमच्या आई गेल्यावर त्या मुलीने परस्पर शिक्का वापरला. मला पत्ता लागू दिला नाही."

"काल तो हरवला होता."

"तेच म्हणतेय ना मी. तिनेच लपवला. तुम्ही तक्रार करा. आई गेल्यानंतरच्या तारखेपासून. मी साक्ष देईन, डॉक्टरही देतील. तुमच्या आईंचं नाव अगदी स्वच्छ राहील. आधीचं कशाला उकरायचं? आपल्याला दोघींनाही तेच हवंय, नाही का?"

खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. फोन ठेवल्यावर मी निळा फॉर्म काढला आणि तारखेच्या रकान्यात आई गेल्यानंतरचा दिवस लिहिला. पेन अडखळलं नाही. माझ्याकडे पिवळ्या कागदाचा फोटो होता, मृत्यूचा दाखला होता. एवढ्यावर कुणाचीही खात्री पटली असती: एका बिनशिक्षणाच्या मुलीने मेलेल्या नर्सचा शिक्का चोरून लोकांना सुया टोचल्या. डॉक्टर कानावर हात ठेवणार, मॅडम हादरणार, आणि तुरुंगात जाईल ती कुरळ्या केसांची. तिच्याकडे आपल्या बाजूने दाखवायला एकही कागद नव्हता. पांढऱ्या प्रती मॅडमच्या ताब्यात होत्या, गुलाबी सगळ्या माझ्या घरी, तारखेप्रमाणे लावलेल्या. तिला शिकवलं कुणी, उभं कुणी केलं, सही करून झाकलं कुणी, आणि प्रत्येक कागदावर, गुरुवार असो नसो, डॉक्टरची सही कशी आधीच हजर होती, ते फक्त त्या गुलाबी प्रती सांगू शकत होत्या. त्या सांगणार होत्या माझ्या आईबद्दल.

रात्री जेवताना मावशीने विचारलं, "जाळलेस?"

"नाही."

"अगं, तुझी आई ती."

"माहीत आहे."

"ती पोरगी कोण लागते तुझी?"

"कुणी नाही."

"मग?"

"आईने तिला शिकवलं. आता आईच्याच नावाने तिला अडकवायचं?"

"शिकवलं म्हणजे उपकारच केले ना?"

"मावशी, तिला माहीत होतं हे चालत नाही. तिनेच मला सांगितलं होतं."

"तिला म्हातारपणी जरा चुकायचीही सोय नाही का तुमच्या घरात?" मावशी ताट घेऊन उठली. "तू पहिल्यापासून अशीच. शाळेत असताना माझ्या हातच्या डब्यातसुद्धा खडा शोधायचीस."

"सापडायचा."

"सापडायचा, पण शोधणाऱ्याला," ती म्हणाली, आणि त्यानंतर माझ्याशी बोलली नाही.

तीन दिवसांनी मी पुन्हा कौन्सिलच्या खिडकीशी गेले. निळ्या फॉर्मवरची तारीख खोडून आठ महिने मागची लिहिली होती आणि खोडलेल्या जागी सही केली होती. पिवळ्या कागदाची छापलेली प्रत खाली सरकवली. मग दाखला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "एवढंच, की आणखी काही?"

मी गुलाबी कागदांचा गठ्ठा सरकवला. खिडकीच्या फटीतून तो जाईना, तेव्हा त्यांना बाजूचं दार उघडून बाहेर यावं लागलं.

त्यांनी उभ्याउभ्याच वरची काही पानं पाहिली. मी त्यांना एक नंबरचं टिंब कुठून कुठे गेलं ते दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला. त्या स्वतःही नर्स होत्या, हे मला तेव्हा कळलं, कारण त्यांनी काही विचारलं नाही.

"तुम्हाला समजतंय ना?" त्या म्हणाल्या. "असं दिलंत तर तक्रार तुमच्या आईवरही येते. डॉक्टर, क्लिनिक, ती मुलगी आणि त्या. चौघं."

"हो."

"मग नाव आता कमी करता येणार नाही. चौकशी संपेपर्यंत रजिस्टरवर राहील. पुढे शेरा लागेल."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही. वर्षही जातं."

त्यांनी आत जाऊन फॉर्म तपासला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. जिच्यावर तक्रार आहे ती व्यक्ती हयात नसेल तर तिची बाजू मांडणाऱ्या नातेवाइकाचं नाव. तिथे मी माझंच लिहिलं होतं.

"असं नाही चालत. तक्रारही तुमची आणि बाजूही तुम्हीच मांडणार?"

"दुसरं कुणी नाही. मी एकटीच मुलगी."

"मुलगीच पाहिजे असं नाही. जवळचं कुणीही. त्यांच्या बाजूने भांडेल असं." त्यांनी माझ्याकडे पेन सरकवलं. "आहे का कुणी?"

मी माझं नाव खोडलं आणि मावशीचं लिहिलं. नात्याच्या रकान्यात धाकटी बहीण असं लिहिलं. तिला विचारलेलं नव्हतं. पण माझ्याविरुद्ध बोलायला ती नाही म्हणणार नाही, आणि मला न दिसलेलं सगळं तिला माहीत होतं.